४५ मिमी गेजच्या (रुळांमधलं अंतर) लाइव्ह स्टीम इंजिनांचा, म्हणजे खऱ्या वाफेवर चालणाऱ्या छोट्या मॉडेल इंजिनांचा मेळावा भरवायचाय, प्रत्येकाला ट्रॅकवर किती वेळ द्यावा?

साधारण अर्ध्या तासाचा स्लॉट द्या, पण इंजिन पेटवून वाफ धरायचं काम मेन ट्रॅकवर अजिबात करू देऊ नका, त्यासाठी बाजूला वेगळी सायडिंग (बाजूचा रूळ) किंवा टेबल ठेवा. कारण सरळ आहे, छोट्या गॅसवाल्या इंजिनाची टाकी एकदा भरली की बहुतेक २०-३० मिनिटंच चालते, वाफ धरायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि ती मिनिटं मेन ट्रॅकवर गेली की मागचे सगळे खोळंबतात. एका लूपवर (रुळांच्या बंद फेऱ्यावर) एकावेळी एकच गाडी बरी, कारण रिमोट नसलेलं इंजिन बॉयलर गरम होत जातो तसं पळायला लागतं आणि पुढच्याला मागून ठोकतं (हे होतंच). गॅस भरायची जागा पेटलेल्या इंजिनांपासून लांब ठेवा, भरताना थोडा ब्युटेन (हाच इंधनाचा गॅस) बाहेर उडतोच. फायर एक्स्टिंग्विशर जवळ हवा. फक्त कोळशावरची इंजिनं असतील तर हे गणित चालणार नाही, त्यांना वाफ धरायला जास्त वेळ लागतो आणि शेवटी आग विझवून राख काढायची असते, त्यांना तासाभराचा स्लॉट द्या.