फेंटानिलचा पॅच तिसऱ्या दिवशी कमी पडतो, तर त्यावर शेक द्यावा का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना पाठीच्या जुन्या दुखण्यासाठी दीड वर्ष फेंटानिलचा (अफूच्या गटातलं तीव्र वेदनाशामक) तासाला 25 मायक्रोग्रॅमचा पॅच चालू आहे, तिसऱ्या दिवशी दुखणं उसळतं, तेव्हा पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर चालेल का.

अजिबात नको. उष्णतेने औषध एकदम जास्त शोषलं जातं आणि श्वास मंदावू शकतो. गरम पाण्याची अंघोळ, इलेक्ट्रिक ब्लँकेट, जोराचा ताप, सगळ्यांत तोच धोका. ताप चढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

औषध आधी त्वचेच्या वरच्या थरांत साठतं आणि तिथून हळूहळू रक्तात उतरतं. म्हणून पहिल्या पॅचचा पुरता असर दिसायला 12 ते 24 तास लागतात, आणि पॅच काढल्यावरही रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला 17 तास किंवा त्याहून जास्त. म्हणजे पॅच काढला की धोका टळला, असं नाही.

तिसऱ्या दिवशी कमी पडण्याचं कारण पुष्कळदा लावण्यात असतं. छाती, पाठ किंवा दंडावरची सपाट, बिनजखमेची जागा निवडा. केस असतील तर कात्रीने कापा, वस्तरा नको. फक्त पाण्याने धुवा. साबण, तेल, क्रीम लावू नका. पूर्ण कोरडं झाल्यावर तळहाताने 30 सेकंद दाबून धरा आणि कडा तपासा. दर 72 तासांनी नवी जागा. लावल्याची तारीख-वेळ कॅलेंडरवर लिहा. जुना पॅच काढायचा राहून दोन एकावेळी अंगावर राहण्याची चूक बरेचदा होते. पॅच कापायचाही नाही.

हे सगळं नीट असूनही दुखत असेल, तर डॉक्टर काही रुग्णांना 48 तासांनी बदलायला सांगतात. पण तो निर्णय त्यांचाच. दीड वर्षानंतर शरीराला औषधाची सवय होते, आणि काहींमध्ये औषधामुळेच वेदना जास्त जाणवू लागते. अशा वेळी डोस वाढवणं उलटं पडतं. माझ्या मते, आता डॉक्टरांना विचारायचा प्रश्न 'डोस किती वाढवू' हा नसून 'वडील पूर्वीपेक्षा जास्त चालतात का, नीट झोपतात का' हा आहे. उपयोग नसेल तर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. एकदम बंद केल्यास घाम, जुलाब, कमालीची अस्वस्थता होते.

बद्धकोष्ठतेची मात्र सवय होत नाही. रोज रेचक लागतंच. पाणी कमी पीत असतील तर नुसत्या इसबगोलने मल आणखी अडकतो.

झोपेच्या गोळ्या, दारू, गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्याचं औषध) सोबत घेऊ नका. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) लिहून दिलं तर पॅचची आठवण करून द्या, त्यांनी फेंटानिलचं प्रमाण वाढतं. उठवूनही जाग येत नसेल किंवा श्वास अगदी सावकाश झाला असेल, तर पॅच काढून ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. नॅलोक्सोन (फेंटानिलचा असर उलटवणारं औषध) दिल्यावरही दवाखान्यात निगराणी लागते, कारण त्याचा असर फेंटानिलच्या आधी उतरतो.

वापरलेल्या पॅचमध्येही लहान मुलाचा जीव जाईल इतकं औषध उरलेलं असतं. काढल्याबरोबर चिकट बाजू आत घेऊन दुमडा, औषधविक्रेत्याच्या सांगण्याप्रमाणे लगेच विल्हेवाट लावा आणि हात नुसत्या पाण्याने धुवा.