लॉबिंग म्हणजे वशिलेबाजी का?

अमेरिकेतील एका कंपनीने 'लॉबिंगवर', म्हणजे कायदे-धोरणे ठरवणाऱ्यांना गाठून आपली बाजू पटवण्यावर, केलेल्या खर्चासंबंधीचा मजकूर मराठीत आणताना 'वशिलेबाजी' हा शब्द चालेल का, आणि चालत नसेल तर दुसरा कोणता वापरावा, असे एका भाषांतरकाराने विचारले आहे. माझ्या मते तो चालणार नाही.

'वशिला' हा मूळचा अरबी 'वसीला', म्हणजे साधन किंवा माध्यम. फारसीच्या वाटेने मराठीत आल्यावर तो ओळखीच्या वजनदार माणसाला चिकटला आणि त्या ओळखीवर खुर्ची मिळवणाऱ्याला आपण 'वशिल्याचे तट्टू' म्हणू लागलो. वशिल्यात काम एकाचे असते, ओळख खासगी असते आणि त्याची नोंद कोणी ठेवत नाही. लॉबिंगचे तसे नाही. 'लॉबी' म्हणजे ब्रिटिश संसदेतील ते दालन, जिथे बाहेरचा माणूस सभासदाला गाठून आपले म्हणणे मांडू शकत असे. (वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलच्या लॉबीत राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना लोक गाठत, त्यावरून हा शब्द आला, ही कथा रंजक असली तरी खोटी आहे, ग्रँट १८६९ मध्ये सत्तेवर आले, आणि शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून छापला जात होता.) पुढे अमेरिकेत दुसऱ्याच्या वतीने असे म्हणणे मांडणे हा चक्क व्यवसाय झाला. १९४६ च्या आणि नंतर १९९५ च्या कायद्याने अशा व्यावसायिकांना नोंदणी करून कोणासाठी, कोणत्या विषयावर आणि किती पैसे घेऊन काम केले, हे जाहीर करावे लागते.

प्रतिशब्द चुकला की काय होते, हे २०१२ च्या डिसेंबरात दिसले. वॉलमार्ट या अमेरिकी किरकोळ विक्री कंपनीने अमेरिकी सिनेटला दिलेल्या विवरणांत २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केल्याचे नमूद होते आणि विषयांच्या यादीत भारतातील गुंतवणुकीचाही उल्लेख होता. अनेक ब्रँड विकणाऱ्या किरकोळ व्यापारात परकीय गुंतवणुकीला परवानगी देऊन आपल्या सरकारला जेमतेम तीन महिने झाले होते, त्यामुळे इथे त्या आकड्याचा अर्थ सरळ 'लाच' असा लावला गेला, संसदेत गदारोळ झाला आणि सरकारला न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमावी लागली. भारतात कोणाला पैसे दिले गेले का, हा प्रश्न रास्तच होता. पण त्या विवरणातील शब्द त्याचे उत्तर देत नव्हता. आपल्याकडे लॉबिंगसाठी वेगळा कायदाच नाही. जो आहे तो १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, त्यामुळे सगळे एकाच मापाने मोजले जाते.

अर्थाने सर्वांत जवळचा जुना मराठी शब्द 'रदबदली' हा आहे. हिंदीत 'रद्दोबदल' म्हणजे फेरफार. मराठीने मात्र त्याला दुसऱ्याच्या वतीने शब्द टाकणे, मध्यस्थी करणे असा अर्थ दिला, आणि दुसऱ्याच्या वतीने बोलणे हाच लॉबिंगचा गाभा आहे. उणीव एवढीच, की रदबदलीत विनवणीचा सूर असतो, बिल नसते. वृत्तपत्री मराठीत तर उलटाच प्रकार आहे: 'मंत्रिपदासाठी इच्छुकांचे लॉबिंग' या मथळ्यात माणूस स्वतःसाठीच खटपट करत असतो. त्याला 'मोर्चेबांधणी' किंवा बोलीतले 'फिल्डिंग लावणे' अधिक शोभते. शिवाय 'साखर लॉबी', 'बिल्डर लॉबी' असे म्हणताना आपण दालन आणि क्रिया दोन्ही सोडून थेट गटालाच ते नाव देतो.

लाचेचा प्रांत आणखी वेगळा. 'लाच' संस्कृत 'लञ्चा'पर्यंत मागे जाते, कानडी-तेलुगूतही तिची भावंडे आहेत. 'वजन' या शब्दाची गंमत तर पाहण्यासारखी आहे: साहेबांकडे 'वजन वापरले' तर तो वशिला, आणि फाइल उडून जाऊ नये म्हणून तिच्यावर 'वजन ठेवले' तर ती लाच. नाम तेच, क्रियापद बदलले की गुन्हा बदलतो.

तेव्हा आपल्या मजकुरात 'लॉबिंग' हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला 'धोरणकर्त्यांकडे नोंदणीकृत प्रतिनिधींमार्फत केलेली रदबदली' असा खुलासा जोडावा.