इंग्रजीत 'मेनी' कुठे आणि 'मच' कुठे वापरायचं?

एकेक करून मोजता येतं तिथे 'मेनी', नाही तिथे 'मच'. आपल्या नाशिकची द्राक्षं मोजता येतात, म्हणून 'हाउ मेनी ग्रेप्स'. गोदावरीचं पाणी मोजता येत नाही, म्हणून 'हाउ मच वॉटर'.

खरा घोळ मराठीच्या सवयीने होतो. आपण 'किती पैसे' म्हणतो, म्हणजे अनेकवचन. इंग्रजीत रुपये मोजतात, 'मनी' नाही. म्हणून 'हाउ मेनी रुपीज', पण 'हाउ मच मनी'. केसांचंही तसंच: डोक्यावरचे सगळे केस मिळून 'हेअर', 'हेअर्स' नव्हे. हे मात्र पाठच करा.

आणि साध्या होकारार्थी वाक्यात 'मच' कानाला खटकतं. 'आय हॅव मच वर्क' म्हणू नका, 'आय हॅव अ लॉट ऑफ वर्क' म्हणा. 'अ लॉट ऑफ' दोन्हीकडे चालतं, त्यामुळे बोलताना अडलात तर बिनधास्त तेच वापरा.