एक विमान, सात माणसे, वेगवेगळी स्मारके

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात उत्तर समुद्रावर बेपत्ता झालेल्या एका ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बफेकी विमानाविषयी वाचनात आले. सात जणांपैकी दोघांची थडगी डेन्मार्कमध्ये आहेत, उरलेल्या पाच जणांची मात्र एका स्मारकावर केवळ नावे आहेत. बरोबर गेलेल्यांचे स्मरण असे विखुरलेले का?
— एक वाचक

उत्तर : यात मानापमानाचा प्रश्न नाही. समुद्राने ज्यांचे देह किनाऱ्याला लावले, त्यांचे दफन बहुधा तिथल्याच दफनभूमीत झाले आणि मृतदेह मायदेशी न नेण्याच्या ब्रिटिश धोरणामुळे ती थडगी तिथेच राहिली. उरलेल्यांना प्रथम ‘बेपत्ता’ ठरवले जाई आणि साधारण सहा महिने काहीच न कळल्यास मृत गृहीत धरले जाई. घरच्यांच्या दृष्टीने हा मधला काळच सर्वांत कठीण असावा. युद्धानंतर हवाई दलाच्या शोधपथकांनी युरोपभर विमानांचे अवशेष आणि अनोळखी थडगी तपासली, परंतु खोल पाण्यात गेलेल्यांच्या बाबतीत त्यांचाही इलाज चालला नाही.

ब्रिटन आणि वायव्य युरोपातील तळांवरून उडालेल्या, थडगे नसलेल्या २० हजारांहून अधिक जणांची नावे इंग्लंडमधील रनीमीड येथील हवाई दलाच्या स्मारकावर आहेत. १७ ऑक्टोबर १९५३ रोजी राणी एलिझाबेथ द्वितीय यांनी त्याचे अनावरण केले. भूमध्य समुद्राच्या परिसरात हरवलेल्या अनेकांची नावे माल्टात, तर दक्षिण आणि पूर्व आशियातील अनेकांची सिंगापूरच्या क्रांजी येथे आहेत.

मला खटकते ती रनीमीडची मांडणी. तिथे नावे वर्ष, कोणत्या देशाचे हवाई दल आणि हुद्दा या क्रमाने असल्यामुळे एकाच विमानातील वैमानिक आणि विमानाच्या शेपटाकडील बुरुजात मशीनगन चालवणारा गनर भिंतीवरही एकमेकांपासून दूर पडतात. लष्करी शिस्तीला ते साजेसे असेल, पण त्या माणसांना बांधून ठेवणारे नाते विमानाचे होते, हुद्द्याचे नव्हे.

हे नाते पाहायचे असेल तर लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेल्या स्क्वाड्रनच्या, म्हणजे हवाई दलाच्या तुकड्यांच्या, मोहीम नोंदवह्या पाहाव्यात. त्यांत एकेका विमानातील सगळ्यांची नावे सलग लिहिलेली असतात. बॉम्बर कमांड म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचा बॉम्बफेकी विमानांचा विभाग. इंग्लंडमधील लिंकन येथील आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड केंद्राच्या संकेतस्थळावरही त्याच्या मृतांच्या नोंदी शोधता येतात. तिथे थडगे असलेले आणि नसलेले असा भेद नाही. शोधताना केवळ आडनावावर विसंबू नये. मृत्यूची तारीख आणि स्क्वाड्रनचा क्रमांक हाताशी ठेवावा.