दुसरी रेकॉर्ड जड करायचीय, काय करू?

गेल्या अंकात स्टोनर रॉकवर चार ओळी काय लिहिल्या, बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं प्रश्नांची लाईनच लागली की. सगळे छापायला जागा नाही, त्यातले काही घेतलेत. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की स्टोनर रॉक म्हणजे ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या बँडच्या पोटातनं आलेलं, संथ, खालच्या सुरातलं, फझ (आवाज फाडणारं पेडल) लावलेल्या गिटारीचं संगीत. 1990 च्या आसपास कॅलिफोर्नियात पाम डेझर्टकडं कायस नावाच्या बँडची पोरं वाळवंटात जनरेटर लावून वाजवायची, तिथनं हे वारं सुटलं.

प्रश्न : आमचा चौघांचा बँड हाय. पहिला ईपी (चार-पाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड) मस्त उन्हातला झालता, चोर्ला घाटात गाडी चालवताना ऐकायचा टाईप, लोकांनी पण बरं म्हणलं. आता दुसरी रेकॉर्ड एकदम काळी आणि जड करायची असं ठरलंय. गिटारी पार ए सुरापर्यंत उतरवल्या, दोन दोन फझ लावले, गेन (आवाज किती फाडायचा ते बटण) फुल्ल. प्रॅक्टिसला छाती हादरतीय पण रेकॉर्ड करून ऐकलं की नुसता चिखल, रिफ (परत परत येणारी गिटारीची सुरावट) कुठला ते पण कळंना. अजून खाली उतरवू का नवीन पेडल घेऊ?
— एक गिटारवाला, टिळकवाडी

उत्तर : मित्रा, पैसे खिशात ठेव. शिवजयंतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढं पण छाती हादरते, म्हणून ते गाणं जड असतं का? प्रॅक्टिस रूममध्ये जे हादरतं ते हवा असते, आणि ती हवा हेडफोनमध्ये येत नाही.

आता आकडे बघ. गिटारीची जाडी ई तार साधारण 82 हर्ट्झवर (सेकंदाला 82 कंपनं) वाजते, ती ए पर्यंत उतरवलीस की 55, आणि तुमचा बास त्याच्या एक सप्तक खाली म्हणजे 27.5. माणसाचा कान 20 पर्यंत जातो म्हणतात खरं, पण 27 हर्ट्झ वाजवणारा स्पीकर कुणाच्या घरात आहे? मोबाईलला तर शंभर हर्ट्झ पण झेपत नाहीत. म्हणजे तुम्ही जे जड जड म्हणून वाजवलंय त्यातला मूळ सूर ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही, पोचतो तो त्याच्या वरचा कचरा, आणि तो दोन फझांनी आधीच दळून पीठ केलेला.

त्यात तार. ईपीच्या वेळची 10 ची, म्हणजे बारीक तारच असणार, नाही का? ती ए ला उतरवली की लोंबते, जोरात मारली की सूर वर चढतो नि मग सावकाश खाली येतो, दोन गिटारी असल्या तर दोघींचं चढणं-उतरणं वेगळं, म्हणजे एकाच रिफमध्ये दोघी कायम बेसूर. सी ट्युनिंगला या, कायसवाले त्यातच वाजवायचे, आणि 12-56 च्या आसपासची, म्हणजे जाडी तार घाला. ती नटच्या (गळ्याच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचेत बसत नसेल तर कानस मारून घ्या जरा, आणि इंटोनेशन (गळ्यावर वर-खाली सगळीकडं सूर बरोबर लागणं) परत लावून घ्या. हे काम केल्याशिवाय स्टुडिओचं भाडं भरू नका.

पेडलचं बोलायचं तर बिग मफ जातीचा फझ एकट्यानं वाजवताना देवासारखा वाटतो, पण त्यात आवाजाचा मधला भाग (ना खर्ज ना तार) खोल खणलेला असतो, आणि बँडमध्ये गिटार ऐकू येते ती त्या मधल्या भागावरच. ड्रम-बास आले की ती गायब. मग तू गेन वाढवतोस, बासवाला आवाज वाढवतो, ड्रमवाला जोरात हाणतो. गेन निम्मा कर. खरंच निम्मा, आणि मिड, म्हणजे तो मधला भाग, वर घे. पहिले दोन दिवस पातळ वाटेल, वाटू दे. 80 हर्ट्झच्या खालचं सगळं गिटारीतनं कापून बासला देऊन टाक, आणि बासला फझ लावायचा तर साध्या आवाजाबरोबर मिसळून लाव, नुसता फझ नको. गिटारीचे ट्रॅक पण एक डावीकडं, एक उजवीकडं, एवढेच. एकावर एक सहा गिटारी चढवल्या की प्रत्येक ठोक्याची धार बोथट होते.

आता काळेपणाचं, कारण तुमच्या पत्रात ते नुसतं ट्युनिंगवर ढकललंय. सॅबथची पहिली रेकॉर्ड 13 फेब्रुवारी 1970 ची, वाजवून झाली जवळपास एका दिवसात, आणि ट्युनिंग साधं ई! त्यातल्या बँडच्या नावाच्याच गाण्याचा रिफ तीन सुरांचा आहे : सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. एवढंच. आपल्याकडं कुणीपण पेटीवर वाजवून बघावं, खर्जाचा सा धरून ठेवायचा आणि वर तीव्र मध्यमावर थांबायचं, पंचमावर उतरायचंच नाही. अंगावर येतं की नाही? वर कोमल रिषभ घातला तर अजून अंधार. तुमचे पहिले रिफ सगळे ब्लूज वळणाचे होते, कोमल गंधार-निषाद आणि भक्कम पंचम, म्हणून ते उन्हातले. पंचम काढून बघा.

सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमीनं खाली उतरवलं ते 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' रेकॉर्डला, दीड स्वर, आणि त्याचं कारण पण बघण्यासारखं आहे. पत्र्याच्या कारखान्यात मशिनीत बोटं गेली, उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली, तेव्हा वय 17. डावखुरा असल्यामुळं ती नेमकी तार दाबायची बोटं. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि पुढं तारा सैल केल्या कारण बोटांना त्रास कमी. उद्यमबागेतल्या फौंड्रीत किंवा प्रेसवर काम करणारा कुणी घरात असेल तर हे वेगळं समजवायला नको. म्हणजे तो खाली गेला ते दुखत होतं म्हणून, जड दिसायला नव्हे. तुम्ही कशासाठी जाताय ते एकदा चौघं बसून बोला, नाहीतर पहिला ईपीच परत सावकाश वाजवल्यासारखं होईल. आपल्याकडच्यांचं ऐकायचं असेल तर बंगळुरूच्या बेवर सी या बँडचा 2012 चा पहिला अल्बम लावा, रिफ किती मोकळे ठेवलेत बघा.

प्रश्न : आमच्या नवीन गाण्यांचा टेम्पो 65 (मिनिटाला 65 ठोके) आहे आणि मी सारखा पळतोय. क्लिकवर (कानात टिकटिक लावून) वाजवू का? आणि ड्रम मोठा ऐकू यायला काय करू, स्टुडिओतली खोली कपाटाएवढी आहे.
— ड्रमवाला, खानापूर

उत्तर : भावा, 65 वर दोन ठोक्यांच्या मध्ये सेकंदाला थोडं कमी एवढी जागा असते, आणि रिकाम्या जागेची माणसाला भीती वाटते म्हणून हात पळतो. विलंबित एकतालात तबलजी काय करतो ते जाऊन बघ, प्रत्येक मात्रेचे चार भाग तो आत मोजत असतो, बाहेर त्यातलं थोडंच वाजवतो. तू पण सोळावे, म्हणजे ठोक्याचे चार भाग मोज, तोंडानं मोज, पाय हलव, पण हातानं भरू नकोस. क्लिक प्रॅक्टिसला लाव. रेकॉर्डिंगला शक्यतो नको, रिफ परत येताना टेम्पो मिनिटाला दोन ठोके खाली घसरला तर या संगीतात ते गोडच लागतं. आणि सॅबथचा ड्रमवाला बिल वॉर्ड ऐक, जाझ ड्रमर ऐकत वाढलेला माणूस, त्यामुळं सॅबथ एवढं संथ असून डुलतं. नुसतं जोरात हाणून डुलत नाही.

खोलीचा उपाय आपल्याकडं स्वस्तातला आहे. मंगल कार्यालय! आषाढीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, हॉल ओस पडलेले असतात, मॅनेजरला दोन दिवसांचं भाडं बोललं तर निम्म्यात तयार होतो. फरशी, उंच छत, ड्रम मध्यभागी, एक माईक किकवर (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), एक स्नेअरवर आणि दोन लांब, दहा-बारा पावलांवर, बास झालं. खाली गाद्या घालून सगळं मारून टाकू नका. फक्त छत पत्र्याचं असेल तर श्रावणात जाऊ नका, खानापूरचा पाऊस तुमच्या झांजांपेक्षा मोठा वाजतो. आणि गणपतीचे दिवस टाळा, शेजारच्या मंडळाचा ढोल ट्रॅकमध्ये येईल आणि तो तुमच्यापेक्षा तालात असेल.

प्रश्न : मुलगा कॉलेजला आहे, तो ज्या बँडमध्ये आहे त्याला स्टोनर म्हणतात. मी नेटवर अर्थ बघितला आणि पोटात गोळाच आला. आता म्हणतोय नवीन गाणी अजून डार्क करायची आहेत. आमचं माळकरी घर. याला बंद करायला सांगू का?
— एक आई, वडगाव

उत्तर : काकू, लपवत नाही, नाव गांजावरनंच पडलंय. त्यातले काही बँड उघड उघड त्याचंच गुणगान करतात, स्लीप नावाच्या बँडचं तर एक तासाच्या वरचं अख्खं गाणं त्यावर आहे. पण आज हे नाव म्हणजे आवाजाची एक जात झालीय, आणि 65 च्या टेम्पोला चौघांनी एकत्र राहायचं तर शुद्धीत असावं लागतं, ते नशेत जमत नाही हे मी वाजवणाऱ्यांच्या मध्ये बसून बघितलंय. गांजा आपल्याकडं 1985 च्या कायद्यानं गुन्हा आहे, तेवढं त्याला सरळ सांगा, आडून नको. बाकी मी इथनं बसून तुमचा मुलगा काय करतो काय नाही सांगू शकत नाही. गाण्यावरनं ओळखू नका. झोप, पैसे, कॉलेजची हजेरी, जुने मित्र तुटले का, हे बघा. तिथं काही बदललं असेल तर बँड बंद करून काही होणार नाही, डॉक्टरला दाखवायला लागेल.

डार्कचं मात्र मनाला लावून घेऊ नका. क्वीन्स ऑफ द स्टोन एज या बँडचा जॉश हॉमी, म्हणजे आधी कायसमध्ये गिटार वाजवणारा, 2010 ला गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये मरता मरता वाचला, मग कित्येक महिने अंथरुणात, आणि त्यातनं उठून 2013 ला जी रेकॉर्ड काढली ती त्यांची सगळ्यात काळी, आणि अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलेली पहिली. तुमच्या घरात तर तुकोबांनी मरणावर लिहिलेलं टाळ वाजवून म्हणतात, त्याला कुणी डार्क म्हणतं का? एक दिवस प्रॅक्टिसला जाऊन बसा. कानात इअरप्लग घालून जा, ते चेष्टेत नाही म्हणत, मुलाला पण घ्यायला लावा, नशेपेक्षा त्याचे कान जायची भीती मला जास्त वाटते.

प्रश्न : मी शास्त्रीय शिकलो (आमच्याकडं मुली पण असंच बोलतात, दुरुस्त करू नका!), आता एका जड बँडमध्ये गातो. सगळे म्हणतात डार्क पाहिजे तर घशातनं ओरड. दोन गाण्यांत आवाज बसतो. आणि शब्द मराठीत का कन्नडमध्ये यावर बँडमध्ये रोज वाद.
— गायिका, निपाणी

उत्तर : नाही दुरुस्त करत बाई. ओरडू नकोस. तंत्र न शिकता घसा फाडला की तो परत शिवता येत नाही. तुझ्याकडं खर्जाचा रियाज आहे ना, मग या बँडला त्याहून जास्त काय पाहिजे? तानपुरा ज्या सुरात लावतेस त्याच्या खाली, मंद्रात गा, माईकपासनं हातभर लांब, आणि गिटार चालू असताना कमी गा. रिफ थांबला की गा. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, क्षयानं काही वर्षं गाणं बंद, नंतर एका फुप्फुसाच्या जोरावर गायले, मोठ्या लांब ताना शक्य नव्हत्या तर छोटे छोटे तुकडे आणि मधली शांतता हेच त्यांचं गाणं झालं. तुला तर दोन्ही फुप्फुसं आहेत.

भाषेचं म्हणशील तर बेळगावात यावर मोर्चे निघतात, बँडमध्ये कशाला? ज्यानं ओळ लिहिली त्याच्या भाषेत ती राहू दे. एका गाण्यात दोन्ही आल्या तरी आपल्या बाजारात रोज तेच चालतं. अट एवढीच, ओळीत शब्द चार-पाचच्या वर नकोत. या टेम्पोला लांब वाक्य म्हणजे बातम्या वाचल्यासारखं होतं.

प्रश्न : 58 मिनिटांचं मटेरियल तयार आहे. एका एलपीवर बसवायचंय, जमेल का?
— बासवाला, गोकाक

उत्तर : नाही. 12 इंची एलपीच्या एका बाजूला 18 ते 22 मिनिटं नीट बसतात. त्याच्यावर कोंबलं की आवाज बारीक करून कापावा लागतो, आणि बासला खाच रुंद लागते, म्हणजे सगळ्यात आधी तुझाच आवाज कमी होणार. दोन एलपी काढायला खर्च दुप्पट. सॅबथची ती 1971 ची 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' अख्खी 34 मिनिटांची आहे. 40 च्या आत आणा, आणि पत्रात लिहिलंयस ते शेवटचं अकरा मिनिटांचं फीडबॅक (गिटार अँपपुढं धरली की होणारी शिट्टी) आधी काढा.