झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी शुक्राणूंची संख्या वाढते का? नवं संशोधन काय म्हणतं?

नाही वाढत. अमेरिकेत २३७० जोडप्यांवर याची मोठी चाचणी झाली, निकाल जानेवारी २०२० मध्ये आला. अर्ध्या पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम झिंक आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. औषधवाल्यांपैकी ३४ टक्के जोडप्यांना मूल झालं, दुसऱ्या गटात ३५ टक्के. संख्या, हालचाल, आकार, कशातच फरक पडला नाही. उलट गोळ्या घेणाऱ्यांच्या शुक्राणूंमधला डीएनए तुटण्याचं प्रमाण थोडं जास्त निघालं आणि पोटाच्या तक्रारीही वाढल्या.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या पुढच्या ओळींमुळे. लग्नाला चार वर्षं झाली, बायकोची सोनोग्राफी आणि हार्मोन्स नॉर्मल, पुढच्या आठवड्यात तिची एचएसजी, म्हणजे गर्भनलिकांची एक्स-रे तपासणी आहे आणि मोठ्या भावाने तुम्हाला या गोळ्या सुचवल्यात. तुमच्या स्वतःच्या तपासणीबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे केलेली नाही. मीही तीन वर्षं केली नव्हती.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो, तेव्हा रबाळे एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर होतो. पहिल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच कागदावर माझी वीर्यतपासणी लिहून दिली होती. तो कागद मी फाईलच्या तळाशी सारला. मग बायकोचं रक्त, बायकोची सोनोग्राफी, शेवटी एचएसजी. गर्भाशयात डाय सोडून एक्स-रे काढतात, नळ्या मोकळ्या आहेत का बघायला. ती आतून आली तेव्हा ओढणीचं टोक चावून चावून ओलं झालं होतं. मी बाकावर फाईल धरून बसलेलो. नळ्या मोकळ्या आहेत म्हटल्यावर मला हायसं वाटलं. रिक्षात ती म्हणाली, "माझं सगळं ठीक आहे, मग?" मी बाहेर बघत राहिलो. ते आठवलं की अजून जीव कसानुसा होतो.

दादाला सांगितलं तर म्हणाला, "आपल्या घराण्यात असलं काही नाही. मला दोन मुलं आहेत ना?" आणि झिंक-फॉलिकच्या गोळ्यांचा डबा आणून दिला. चौदा महिने खाल्ल्या. घरात आई आणि वहिनी बायकोलाच उपास सांगत होत्या.

एके दिवशी तिने तो तळातला कागद काढून फ्रिजवर चिकटवला. बोलली काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मी डबी घेऊन आलो. लॅबमध्ये जमेना म्हणून नमुना घरी घेतला. तो तासाच्या आत पोचवायचा असतो, गार होऊ द्यायचा नाही. डबी बनियनच्या आत पोटाला लावून रिक्षात बसलो, नौपाड्याला जायचं होतं, आणि नितीन कंपनीच्या सिग्नलला अडकलो. घाम फुटला होता आणि डबीवरचा हात काढवत नव्हता. सहाशे रुपये आणि एक सकाळ, एवढंच होतं ते. त्याच्यासाठी मी तिची तीन वर्षं घालवली.

संख्या निघाली मिलिलिटरला ३५ लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. दुसऱ्यांदा केली तरी तेच. डॉक्टरांनी आधी काम विचारलं. भट्टी म्हटल्यावर ते म्हणाले, अंडकोश शरीराबाहेर असतात ते थंड राहावेत म्हणूनच. तपासल्यावर व्हेरिकोसील, म्हणजे तिथल्या फुगलेल्या शिराही सापडल्या. मी खातं बदलून इन्स्पेक्शनला गेलो, ऑपरेशन झालं. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे निकाल लगेच बघायचा नसतो. संख्या ८० लाखांपर्यंत गेली. मग इक्सी केली. त्यात एका स्त्रीबीजात एकच शुक्राणू सुईने सोडतात. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली.

इक्सी ब्रसेल्समध्ये १९९२ च्या सुमारास निघाली ती माझ्यासारख्या पुरुषांसाठी. तुमचा रिपोर्ट चांगला आला आणि तरी कुणी इक्सीच करा म्हणालं, तर कारण विचारा. व्हिएतनाममध्ये १०६४ जोडप्यांवर झालेल्या २०२१ च्या चाचणीत, संख्या नॉर्मल असताना साध्या आयव्हीएफपेक्षा, म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्राणू शरीराबाहेर नुसते एकत्र ठेवतात त्यापेक्षा, इक्सीने जास्त मुलं झाली नाहीत.

दर गणपतीत दादा चारचौघांत सांगतो, "माझ्या गोळ्यांनी झालं." तोंडावर सांगून झालंय, इथेही लिहितो. गोळ्या बंद केल्यावर दोन वर्षांनी मुलगी झाली. भावाला मुलं झाली म्हणून माझा काउंट चांगला ठरत नाही. आणि आयव्हीएफ-इक्सी हे आजकालच्या श्रीमंतांचं फॅड असं जे तो म्हणतो, तर परळच्या केईएममध्ये, महापालिकेच्या इस्पितळात, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली ऑगस्ट १९८६ मध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आहे. दोष माझ्यात होता हे मी घरी फार उशिरा बोललो. तोवर सगळं बायकोने ऐकून घेतलं.

राहिलेलं सांगतो. त्या अमेरिकन चाचणीतले सगळेच पुरुष कमी काउंटचे नव्हते, आणि कुणाच्या रक्तात खरोखर झिंक कमी असेल तर डॉक्टर देतील, ती गोष्ट वेगळी. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देत असेल तर मात्र घेऊ नका. ताकद वाढेल म्हणून देतात, पण त्याने शुक्राणू बनणंच थांबतं. आधीच घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

नमुन्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावे लागतात. आजपासून मोजलंत तर तीन दिवसांनी देता येईल आणि रिपोर्ट एचएसजीच्या आधी हातात येईल. संख्या फारच कमी निघाली तर थेट इक्सीचा विचार होतो. त्यात नळ्यांचा उपयोग नसतो, त्यामुळे एचएसजीची गरज उरते का हे डॉक्टरांना आधी विचारा आणि मगच बायकोला त्या टेबलावर पाठवा.