कळतंय पण वळत नाही, मग करायचं काय?

प्रश्न: ताई, माझे मिस्टर वीस वर्षं सिगारेट ओढतायत. मी फुप्फुसांचे फोटो दाखवून झालं, मुलांची शपथ घालून झाली, अबोला धरून झाला, काही फरक नाही. कायम एकच उत्तर, "मला काही होत नाही, तू तुझं बघ." परवा मात्र खोकताना स्वतःहून म्हणाले, "कमी करायला पाहिजे खरं तर." मला इतका आनंद झाला की मी लगेच म्हटलं, मग उद्यापासून बंदच करा, तर चिडून उठून गेले. माझं नक्की काय चुकलं?

उत्तर: तुमची तळमळ पोचली मला, आणि चूक म्हणण्यापेक्षा एवढंच म्हणेन की तुम्ही त्यांच्या दोन पावलं पुढे गेलात. ते जे बोलले ना, ते वीस वर्षांतलं फार महत्त्वाचं वाक्य आहे आणि ते त्यांच्या तोंडून आलंय, तुमच्या नाही.

जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये 872 लोकांचा एक अभ्यास छापला, कुठलीही ट्रीटमेंट न घेता आपापलं सिगारेटशी झगडणारी माणसं होती ही सगळी. त्यातून आणि नंतरच्या कामातून जे चित्र तयार झालं ते असं की माणूस एका रात्रीत "ओढणारा"चा "सोडलेला" होत नाही, मधे टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात येत्या सहा महिन्यांत सोडायचा विचारसुद्धा नसतो. दुसऱ्यात विचार असतो पण मन दोन्हीकडे ओढत असतं, कळतंय पण वळत नाही म्हणतो ना आपण ते हेच, आणि या टप्प्यावर माणसं वर्षानुवर्षं राहू शकतात. मग तयारी, म्हणजे महिन्याभरात सोडायचं ठरलंय आणि काहीतरी छोटं पाऊल उचललंय. मग प्रत्यक्ष कृती. सहा महिने टिकलं की पुढचं काम टिकवून धरण्याचं.

तुमचे मिस्टर परवा पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात डोकावले आणि तुम्ही त्यांना थेट चौथ्यात ओढलंत. दुसऱ्या टप्प्यातल्या माणसाच्या मनात सोडण्याची आणि न सोडण्याची, दोन्ही कारणं एकाच वेळी जिवंत असतात. आपण सोडण्याची बाजू जोरात मांडली की त्याच्या वाट्याला आपोआप दुसरी बाजू उरते, आणि मग तो न सोडण्याची कारणं बोलत सुटतो आणि बोलता बोलता ती त्यालाच जास्त पटायला लागतात. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांनी दारूच्या पेशंट्सबरोबर काम करताना नेमकं हेच ओळखलं आणि 1983 पासून जी बोलण्याची पद्धत मांडली तिचा गाभाच हा आहे की बदलाची कारणं पेशंटच्या तोंडून यायला हवीत.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? ते परत कधी तसं बोलले की उपदेश न करता विचारा, "का हो, असं का वाटलं आज?" ते म्हणतील, "अगं जिना चढताना दम लागतो." तुम्ही म्हणा, "हं, त्रास होतोय तर." बस्स, तिथेच थांबा. मला माहितेय की जिभेवर पुढचं वाक्य तयार असणार, पण गिळा ते. अजून एक विचारता येतं, "सोडायची म्हटलं तर सगळ्यात अवघड काय जाईल?" हा प्रश्न बायका विचारतच नाहीत कारण भीती वाटते की आपण त्यांना न सोडायला कारण देतोय, पण ते कारण त्यांच्या मनात आधीपासूनच आहे, ते बाहेर आलं तर त्यावर काहीतरी करता येईल. 1994 मध्ये सिगारेटपासून व्यायाम, सनस्क्रीनपर्यंत 12 वेगवेगळ्या सवयींचे अभ्यास एकत्र मांडले गेले आणि त्यात दिसलं की सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसांना बदलाचे फायदे कमी आणि तोटे जास्त वाटत असतात, आणि पुढे सरकताना आधी फायद्यांचं पारडं जड होत जातं. फोटो दाखवून घाबरवण्यापेक्षा, दम कमी लागेल, सकाळचा खोकला जाईल, मुलं जवळ येऊन बसतील, यावर त्यांना बोलतं करणं जास्त उपयोगाचं.

आणि ते स्वतः "आता बंद करतो" म्हणाले की मात्र वेळ घालवू नका. तारीख ठरवा, घरातले अ‍ॅश ट्रे आणि लायटर बाहेर काढा, डॉक्टरांकडे जाऊन निकोटीनच्या गोळ्या, च्युइंगगम किंवा पॅच घ्यायचा का ते विचारा, कारण नुसत्या मनोबलावर सोडण्यापेक्षा या गोष्टींनी यश मिळायची शक्यता वाढते हे पुष्कळ ट्रायल्समधून, म्हणजे लोकांवर उपचार करून बघितलेल्या चाचण्यांमधून, पक्कं झालेलं आहे. पहिला आठवडा चिडचिडीचा जाणार, झोपही बिघडेल, ते तुमच्यावर डाफरले तर तो निकोटीन उतरण्याचा त्रास आहे हे लक्षात ठेवा.

प्रश्न: ताई, आठ महिने सिगारेटला हात लावला नव्हता. ऑफिसमध्ये बॉसशी वाजलं, खाली गेलो, मित्राने पुढे केली आणि ओढली. त्याच संध्याकाळी पाकीट घेतलं आणि आता पूर्वीइतकंच चालू आहे. आठ महिने पाण्यात गेले असं वाटतं. माझ्यात दमच नाही का?

उत्तर: दादा, नीट वाचा तुम्हीच काय लिहिलंय ते. बॉसशी भांडण झालं तेव्हा एक ओढलीत, पाकीट संध्याकाळी घेतलंत. या दोन वेगळ्या घटना आहेत आणि मधे जे काही तास गेले त्यात तुमच्या डोक्यात काय चाललं होतं तिथे खरी गोम आहे. अ‍ॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञांनी हयातभर याचाच अभ्यास केला. त्यांचं म्हणणं, एकदा पाय घसरला की माणूस स्वतःला म्हणतो, गेलं सगळं, मी असाच आहे, आणि मग ही शरम, हा स्वतःवरचा राग विसरायला परत तीच गोष्ट हातात घेतो. म्हणजे पहिल्या सिगारेटपेक्षा पहिल्या सिगारेटनंतरचा विचार जास्त घात करतो. परत घसरण्याची जी मोठी कारणं त्यांना दिसली तीही बघा, मन वाईट असणं, कुणाशी तरी वाजणं आणि दुसऱ्याने आग्रह करणं. तुमच्या बाबतीत तर तिन्ही एकाच दुपारी आली, मग दम नाही कसं म्हणता?

आठ महिने पाण्यात गेलेले नाहीत. प्रोचास्का मंडळींनीसुद्धा 1992 च्या लेखात टप्प्यांची सरळ रेघ सोडून गोल गोल वर जाणारा आकार काढला होता, कारण बहुतेक लोक परत घसरतात, पण घसरलेले बरेचसे अगदी तळाला जात नाहीत, परत विचारात किंवा तयारीत येऊन थांबतात. तुम्ही मला लिहिलंत म्हणजे तुम्ही तिथेच आहात. आता एक करा, कागदावर एकच वाक्य लिहा आणि ते "जर-तर" असंच लिहा: जर बॉसशी वाजलं, तर मी खाली न जाता जिन्यात उभं राहून बायकोला फोन करीन. नुसतं "आता नाही ओढणार" म्हणण्यापेक्षा, कधी काय करायचं हे आधी ठरवून ठेवणारे लोक ठरवलेलं जास्त पार पाडतात, यावर पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांपासून कितीतरी अभ्यास झालेत. आणि त्या मित्राला आजच सांगा की मला परत कधी पुढे करू नकोस.

प्रश्न: ताई, मी सायकॉलॉजी करतेय. आमचे सर म्हणाले की हे टप्प्यांचं मॉडेल आता जुनं झालं, त्याला पुरावा नाही. तुम्ही तर नेहमी त्याबद्दल बोलता. मग खरं काय?

उत्तर: सरांचं बरंचसं बरोबर आहे गं. रॉबर्ट वेस्ट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये स्पष्टच लिहिलं की हे मॉडेल आता बाजूला ठेवायची वेळ आली. सहा महिने, तीस दिवस या सीमारेषा कुणीतरी ठरवलेल्या आहेत, निसर्गात तशा रेघा नाहीत. 2010 मध्ये कॉक्रेन या, उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने सिगारेट सोडण्याच्या 41 ट्रायल्स तपासल्या, 33,000 हून जास्त माणसं होती त्यांत, आणि टप्प्याप्रमाणे दिलेली मदत ही टप्पा न बघता दिलेल्या तशाच मदतीपेक्षा सरस ठरली नाही. वाईटही ठरली नाही. त्याआधी 2006 मध्ये वेस्ट यांच्याच इंग्लंडमधल्या अभ्यासात जवळपास निम्म्या लोकांनी शेवटचा प्रयत्न काहीही तयारी न करता, अचानक ठरवून केला होता, आणि तसे प्रयत्न सहा महिने टिकण्याचं प्रमाण उलट जास्त निघालं.

म्हणून मी काय धरते आणि काय सोडते ते सांगते. "तुझी अजून तयारी नाही, थांब" असं कुणालाही सांगायचं नाही, हे मी पक्कं सोडलंय, कारण माणूस कुठल्या क्षणी उठून उडी मारेल ते कुठल्याही फॉर्मवरून कळत नाही, मदत सगळ्यांनाच देऊ करायची. धरते ते एवढंच की बोलायला सुरुवात करण्याआधी समोरचा कुठे आहे ते विचारायचं. ट्रायल्समध्ये त्याने सोडणाऱ्यांचा आकडा वाढला नसेल, पण घरात रोज उठून जी माणसं एकमेकांना ऐकवत बसतात त्यांची भांडणं कमी होताना मी बघते आणि मला ती गोष्ट छोटी वाटत नाही. परीक्षेत मात्र टीकेसकट लिही.

प्रश्न: माझे वडील कित्येक वर्षं रोज भरपूर दारू पितात, सकाळी हात थरथरतात. काल म्हणाले, उद्यापासून एक थेंब नाही. आम्ही घरचे सगळे खूष आहोत. अजून काय करावं?

उत्तर: आजच त्यांना डॉक्टरांकडे न्या, उद्याची वाट बघू नका. सिगारेटबद्दल वर जे अचानक सोडण्याचं लिहिलंय ते इथे अजिबात लावायचं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर काही तासांतच थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, यात जीवही जाऊ शकतो. औषधं देऊन हे सुरक्षितपणे पार पाडता येतं, काही जणांना त्यासाठी अ‍ॅडमिट करावं लागतं. डॉक्टरांना किती पितात ते खरं सांगा, लाजून कमी सांगू नका, पूर्वी कधी फिट आली असेल तर तेही सांगा. ते दिवस कुणीतरी सतत त्यांच्याजवळ थांबा, आणि असंबद्ध बोलायला लागले किंवा फिट आली तर घरी बघत न बसता तडक हॉस्पिटल गाठा.